डॅशबोर्डवरची टकटक

५ जून
ट्रेलर आणला. जुना आहे, पण चाकांवरचं छोटं घरच: पलंग, शेगडी, खिडकीला पडदे. पिकअपच्या मागे जोडायचा आणि आर्लीनला घेऊन पेलिकन लेकला जायचं. लग्न झाल्यावर आम्ही तिथेच तंबू ठोकला होता. तिला ते तळं परत एकदा बघायचंय. मध्ये विलो पासचा घाट लागतो, पण माझ्यापुढे घाटाचं काय कौतुक? हायस्कूलमध्ये पोरांना ड्रायव्हिंग शिकवण्यात हयात गेली माझी. (शाळेची गाडी ऑटोमॅटिक होती. तत्त्व तेच.)
तिचे डॉक्टर म्हणाले, जायचं तर याच उन्हाळ्यात जा. त्यांनाही मासेमारीचा नाद असणार.

१२ जून
निघालो. घाटात मुद्दाम पाचवा गिअर ठेवला. वरचा गिअर म्हणजे इंजिनाला आराम आणि पेट्रोलची बचत, हा माझा सिद्धांत. आर्लीन शेजारी बसून डॅशबोर्डवर बोटाने टकटक करत होती. म्हणे, अरे वेन्डेल, तिसरा घाल, गाडी कण्हतेय. तिचे वडील शेतातून बीट वाहणारा ट्रक चालवायचे, लहानपण त्या ट्रकात गेलं, त्यामुळे बाईसाहेबांना इंजिनाचं सगळं कळतं. मी म्हटलं, तिसऱ्यात इंजिन ओरडतं, त्याला त्रास होतो. तर म्हणाली, ओरडू दे की, ओरडतंय तोवर काळजी नाही.
अर्ध्या चढावर बोनेटमधून वाफ. ट्रेलरसकट वळवून परत.
कारण: हवा फार गरम.

२० जून
घराजवळच्या पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर सराव. ट्रेलर मागे, आर्लीन शेजारी. चढ सुरू व्हायच्या आधीच, अगदी अचूक क्षणी मी तिसरा घातला. गाडी लोण्यासारखी वर गेली. उतरतानाही तिसराच ठेवला, ब्रेक तापले नाहीत. हात बसला म्हणायचा!
दोन्ही वेळा टकटक झाली होती, पण तोवर माझा निर्णय झालेलाच होता.

२३ जून
नवा नियम: सरावात टकटक बंद. एकाग्रता मोडते. आर्लीनने हात मांडीवर ठेवले, खिडकीबाहेर बघत बसली.
टेकडीवर गाडी बंद पडली. मागे घरंगळत येऊन ट्रेलरने शेजारच्या रॉइसची टपालपेटी आडवी केली.
कारण: टपालपेटी रस्त्याच्या फार जवळ.

२ जुलै
रॉइस आला. टपालपेटीचं काही बोलला नाही. म्हणाला, वेन्डेल, माझी ऑटोमॅटिक घेऊन जा, उद्याच निघा दोघं. मी हसून नाही म्हटलं. ज्यांना स्वतःला काही ठरवता येत नाही त्यांनी ऑटोमॅटिक चालवावी.
तो गेल्यावर आर्लीन म्हणाली, घेतली असती तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात तुला आपल्याच गाडीतून नेतो.

३० जुलै
आठवडा जरा लांबला. क्लचप्लेट मागवली आहे. आर्लीन दुपारभर झोपून असते. उकाडा.

१९ ऑगस्ट
क्लचप्लेट बसली. आता सबब उरली नाही. निघायची तयारी केली, पण आर्लीनला पिकअपची पायरी चढवेना. जुन्या गाड्यांच्या पायऱ्या उंचच असतात. रविवारी खालची पायरी जोडीन.
हल्ली ती वाद घालत नाही. बरं वेन्डेल, म्हणते. स्वभाव निवळलाय.

८ सप्टेंबर
आमची कॉनी आली. आईला ट्रेलरमध्ये झोपायचं होतं म्हणून तिने आणि मी उचलून नेलं. दारातच उभा आहे ट्रेलर, तिथेच कॉफी केली. आर्लीनने पडदा सरकवला. समोर रॉइसच्या गॅरेजचं दार. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, इथून छान दिसतंय रे. कॉनी बाहेर जाऊन रडली. हळवी आहे पोर, लहानपणापासून.
पाऊलभरही न हलता मुक्काम, पण तालीम म्हणून यशस्वी.

३ ऑक्टोबर
आर्लीन गेली. पहाटे.

४ ऑक्टोबर
घर फार शांत आहे. मला सहन होत नाही.

२५ ऑक्टोबर
बर्फ पडला की घाट बंद होतो, म्हणून आजच निघालो. ट्रेलर का जोडला ते माहीत नाही. एकट्याला काय लागतो. शेजारच्या सीटवर तिचा स्वेटर होता, तो हलवला नाही.
चढ दिसला. पाचव्यात होतो. गाडी कण्हायला लागली, मी ऐकत होतो. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून तसाच बसलो. वाट बघत होतो, नक्की कशाची ते तेव्हा कळलं नाही. मग एक हिसका बसला आणि इंजिन बंद.
रॉइसला फोन केला. तो त्याची ऑटोमॅटिक घेऊन आला. ट्रेलर त्याने ओढत आणला, मी रिकाम्या पिकअपमधून मागे मागे. घरी आल्यावर त्याने विचारलं, अरे, तिसरा का नाही घातलास? म्हटलं, क्लच खराब आहे.
क्लच चांगला आहे. तिसरा कधी घालायचा ते कुणी सांगितलंच नाही.