अकरा शून्यं

प्रिय टिल्लू,

तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला, कारण पहिल्याच ओळीत शिव्या येत होत्या. आता जरा शांत झालेय असं वाटतंय, पण माझा काही भरवसा नाही. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मधेच फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

मंगळवारी तू मला मोठ्या कौतुकाने तुझ्या एआय असिस्टंटबरोबरच्या गप्पांची लिंक पाठवलीस. सहा महिन्यांचं काम एका दुपारीत उरकलं, बघ तरी, असं वर लिहिलंस. तुला वाटलं असेल ताई शेवटचा आलेख बघेल, शाबास म्हणेल आणि कामाला लागेल. मी सगळं वाचलं रे, पहिल्या ओळीपासून. सांधेदुखीच्या नव्या औषधाचे आकडे, कोणाच्या रक्तात सूज दाखवणारा आकडा किती उतरला, सगळं. आणि मधेच त्या असिस्टंटने तुला अगदी नीट विचारलेलं दिसलं, की या रकान्यात एकाच तारखेला अकरा शून्यं आहेत, ती खरी मोजमापं आहेत की नमुना तपासताच आला नाही त्याची खूण आहे? नोंद करणाऱ्या व्यक्तीला एकदा विचारून घ्या, असंही त्याने लिहिलंय. त्यावर तू काय लिहिलंस, आठवतं? नोंदी एक साधी टेक्निशियन करते, तिला यातलं काय कळणार, शून्य म्हणजे शून्यच, पुढे चल.

अरे, ती साधी टेक्निशियन म्हणजे तुझी ताई, दोन मजले खाली बसते! जिन्याने उतरायला तुला एक मिनिट लागलं असतं. तेही जड झालं असेल तर टेबलावर फोन होता. आपल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर रकाना रिकामा सोडू देत नाही, म्हणून रक्ताच्या खराब नळीपुढे आम्ही शून्य टाकतो आणि कारण वहीत लाल शाईने लिहितो. जुन्या मोठ्या डॉक्टरांच्या वेळेपासून असंच चालत आलंय, झाडू मारणाऱ्या मावशींनाही ठाऊक आहे. त्या तारखेला, गुरुवारी, नव्या औषधाच्या गटाची तपासणी होती. नळ्या फिरवायचं मशीन बंद पडलं, नळ्या तशाच पडून राहिल्या आणि अकरा जणांचं रक्त वाया गेलं. मी वहीत तसं लिहून सही केली. आणि तू त्या अकरा जणांची सूज नाहीशी झाली असं धरून चाललास.

त्यातले शिंपीकाका आठवतात का, सगळ्यांना हसवणारे? तुझ्या आलेखात ते ठणठणीत आहेत. त्याच दिवशी माझ्यासमोर त्यांना स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. मी लावून दिलं, तर मान खाली घालून बसले बिचारे. मला इतका संताप आलाय ना टिल्लू, की काल आईने जेवायला हाक मारली तर तिच्यावरच खेकसले.

शिकत होतास तेव्हा रक्त काढायचा सराव तू माझ्याच हातावर केलास. चार-चार वेळा सुई चुकायची, हात काळानिळा व्हायचा, आणि आईने विचारलं की मी दारावर आपटले म्हणून सांगायचे. पण दर वेळी सुई टोचण्याआधी तू विचारायचास, ताई, शीर हीच ना? हे विचारणं कधी सुटलं तुझं? मोठ्या खुर्चीवर बसल्यापासून का?

त्या असिस्टंटवर माझा राग नाही. अकरा शून्यं काढून मीही त्यालाच पुन्हा विचारलं. नव्या आणि चालू औषधात सांगण्यासारखा फरक उरला नाही, आणि एवढ्यावरून नवं औषध सरस म्हणता येणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. आणि तुझ्या त्या आलेखाच्या जोरावर सोमवारपासून आणखी चाळीस जणांचं चालू औषध बंद करून हे नवं सुरू होणार होतं. त्या चालू औषधावर ती माणसं निदान उठून चालू तरी शकतात रे!

चूक माझीही आहे. शून्याऐवजी दुसरी खूण हवी, हे मी किती वर्षांपूर्वी भांडून करून घ्यायला हवं होतं. आज सकाळी दहा वाजता मी या औषध-चाचणीच्या देखरेख समितीच्या बाईंना सगळं लेखी दिलं, वही दाखवली, तुझ्या त्या गप्पाही छापून जोडल्या. माझी चूक आधी लिहिली, मग तुझी. सोमवारचं काम त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं. उद्या तुला बोलावणं येईल, कदाचित प्रकल्पही हातातून जाईल. हे कोणी केलं ते तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. तुला आधी सांगून मग जावं असं फार वाटलं, पण तू गयावया केली असतीस आणि मी विरघळले असते, हे मला पक्कं माहीत आहे. आता माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण त्या अकरा जणांना तू स्वतः फोन कर, काय घडलं ते सांग, माफी माग आणि पुन्हा तपासणीला बोलाव. नंबर सोबत लिहिले आहेत, शिंपीकाकांचा सगळ्यात वर आहे.

तुझीच,
ताई