ह्यायच्या जहाजाची घागर

आखजी (अक्षय तृतीया), सांजच्याले

मोबाईलवरच्या खेळातला अंतराळाचा दरवाजा सगळ्या खेळणाऱ्यायनं मिळून उघडायचा, पण कशानं सरकते हे कोणालेच ठाव नाही. आज ह्यायच्या नावानं घागर भरली, मंग मस्करीनं खेळात ह्यायच्या बंद जहाजातही इंधन भरलं. तं दरवाजा जरासा सरकला!

नणंद सुमनही हाच खेळ खेळते, तिचा लगेच फोन आला, "वैनी, काय केलं वं?"

"तुह्या मेलेल्या भावाले पाणी पाजलं."

पण अर्धं इंधन मले वापस आलं. हे जेवतानीही अर्धी भाकर माह्याकडं सरकवत. खेळाचा नियमच असन का? दुसऱ्या कोणाच्या बंद पडलेल्या जहाजातही भरून पाह्यलं. दरवाजा सरकला, वापस काहीच आलं नाही.

अर्धंच काऊन?

आता जेवाले बसली. अर्धी भाकर ताटात तशीच आहे. उचलाले हात होत नाही.