पांढरं म्हणजे साफ

अब्बा, आता मलाही कवळी बसली. तुमच्यासारखी काळपट रबराची नाही, गुलाबी प्लॅस्टिकची, आणि इतकी हलकी की तोंडात काही आहे असं वाटतच नाही. पुण्याच्या दाताच्या डॉक्टरांनी सोबत औषधाची बाटली दिली. झोपताना कवळी काढायची, औषध घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवायची, नाहीतर बुरशी धरते, म्हणाले. बुरशी हा शब्द कानावर पडला आणि मी थेट जुन्नरला, आपल्या कागदाच्या कारखान्यात जाऊन पोचले.

सगळी हयात तुम्ही पांढऱ्या रंगामागे घालवलीत. जुनी गोणपाटं आणि दोरखंडं कुटायची, चुन्यात मुरवायची, कुकडीवर नेऊन धुवायची, पुन्हा चुना, पुन्हा नदी. लगद्याच्या हौदात रंगाचा एक ठिपका पडला तरी तुम्ही घर डोक्यावर घ्यायचात. पांढरं ते साफ, डागाळलेलं ते घाण, एवढंच आम्हा भावंडांना शिकवलंत. कवळी आल्यावर तुम्ही पुन्हा भाकरी चावू लागलात, मोकळं हसू लागलात. पण ती काढलेली आम्ही कुणी कधी पाहिली नाही. झोपेतसुद्धा ती तोंडातच असायची.

तुम्ही जेवत नाही असा अम्मीचा निरोप माझ्या सासरी, निरगुडसरला आला, म्हणून मी माहेरी आले. तुमची टाळू लालभडक, ओठांचे कोपरे चिरलेले, जिभेवर दुधावर साय धरावी तसा थर. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "चाचा, ही बुरशी आहे. ओल्या भाकरीवर धरते ना, तशी. रात्री कवळी बाहेर काढून या पाण्यात ठेवत जा." त्यांनी जांभळे खडे दिले. मी ते वाटीभर पाण्यात विरघळवले, तुमच्या हातापाया पडून कवळी मागून घेतली आणि बुडवून ठेवली; तुम्ही तोंडावर पांघरूण ओढून निजलात. सकाळी तिचे दात तपकिरी झालेले. तुम्ही वाटी अंगणात भिरकावलीत.

"ह्येला औषिद म्हंत्यात? आख्खी नासवली!"

"अब्बा, डाक्टर म्हनले, रंगाचं काय न्हाई. त्यो पांढरा थर वाईट हाय."

"पांढरं कवा वाईट व्हतं गं? येडी का खुळी तू!"

मग एखाद्या कागद्यालाच सुचेल ते तुम्ही केलंत. कवळी चुन्याच्या रांजणात टाकलीत. दात पुन्हा पांढरे दिसू लागले, आणि त्या खुशीत तुम्ही ती धड न धुताच तोंडात बसवलीत. आधीच सोलवटलेली टाळू चुन्यानं भाजली. पुढे तो थर घशात उतरला. भाकरी सुटली, पेज सुटली. शेवटी अम्मी कापसाच्या बोळ्यानं पाणी पिळायची, तेही ओठांवाटे परत यायचं. घरात धान्य असून तुम्ही उपाशी गेलात. मला तुमचा राग येतो, अब्बा, अजून येतो.

शेवटची अंघोळ घालताना कवळी काढली होती. तोंड बघायला आम्हा बायकांना बोलावलं, तेव्हा पांढऱ्याशुभ्र कफनात गाल बसलेला, ओठ आत वळलेला कुणी परका म्हातारा निजला होता. अम्मीनं पदर तोंडाशी धरला. "ह्ये त्ये न्हाईत," एवढंच ती म्हणाली. मलाही तुमचा चेहरा सापडेना. आजही तुम्हाला आठवायला गेले की आधी तोच म्हातारा समोर येतो.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, कपड्यांच्या पेटीत तळाशी राहील. पण एक तुम्हालाच सांगते. माझी टाळू हल्ली चुरचुरते. डॉक्टर दर खेपेला विचारतात, "आजी, रात्री काढून औषधात ठेवता ना?" मी हो म्हणते. बाटलीचं बूच मी अजून उघडलेलं नाही. एखाद्या सकाळी मी उठले नाही, तर पोरांना मी ओळखू आले पाहिजे, अब्बा.