बाईसाहेबांचा तेलाचा काटा

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. बाबा आत्ता जेवून आरामखुर्चीत डुलक्या घेतायत आणि उठल्यावर डोळाच लागला नव्हता म्हणून मला सांगणार आहेत. गेल्या आठवड्यात तीनदा फोन वाजून बंद झाला असेल तर तो माझाच होता. वहिनीने उचलायच्या आत मी ठेवून दिला. काय करू, दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून दात कोरायचे, त्यामुळे समोरच्याला उत्तर देता येत नसेल तेव्हाच माझी जीभ सुटते. पत्रात तशी सोय आहे. तुला मधे बोलता येणार नाही आणि मलाही थांबता येणार नाही.

बातमी अशी की आपल्या बाईसाहेबांना आम्ही तेलाचा काटा बसवला. तू म्हणशील, ती गाडी अजून आहे? आहे तर! मागच्या अंगणातल्या त्याच पत्र्याच्या शेडमध्ये, तोच फिकट हिरवा रंग, तीच मागच्या सीटची उसवलेली शिवण. आईने ठेवलेलं नाव अजून तिला शोभतं, कारण सकाळी सुरू व्हायला अजूनही तिची तेवढीच मनधरणी करावी लागते. बाबा आता ब्याऐंशीचे. ते चालवत नाहीत, पण दर रविवारी तिला पुसतात, पंधरा मिनिटं सुरू ठेवतात आणि शेजारी स्टूल टाकून ऐकत बसतात. मी चहा घेऊन जाते तर मला हाताने गप्प राहा म्हणून खुणावतात. गाण्याच्या मैफलीत तरी इतकं कोणी दटावत नसेल.

तर काटा. तुला माहीत आहे, बाईसाहेबांना कंपनीने तेलासाठी एक लाल दिवा तेवढा दिलाय. किल्ली फिरवली की लागतो, इंजिन सुरू होऊन तेलाचा दाब वाढला की विझतो. मग वाटेत पुन्हा लागला तर समजायचं की तेल संपलं आणि इंजिनही संपत आलं. गॅरेजवाले काका (हो, तेही आहेत, दात मात्र सगळे माझ्या हातून गेलेत) म्हणाले, जुन्या इंजिनाला एका दिव्याच्या भरवशावर ठेवू नका, बाहेरून दाबाचं मीटर बसवून घ्या, काटा सतत दिसत राहील. बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की दोन दिवस जेवताना दुसरा विषय नाही. काकांचे हात आता थरथरतात, तेव्हा हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. मीही जरा भाव खाल्ला, मनातून मात्र उड्या मारत होते.

गेल्या शनिवारी दुपारी दवाखाना बंद करून मी शेडमध्ये शिरले. डॅशबोर्डच्या खाली उताणी पडले, पाय दाराबाहेर, कपाळाला दवाखान्यातला दिवा, हातात दाताच्या मागे बघायचा तो छोटा आरसा. हसू नकोस, त्याच्यासारखं हत्यार नाही! वायरींच्या जंगलात तो आरसा सरकवला की एकेक गोष्ट उलटी, चिमुकली, उजळलेली दिसायची. वर पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या बारीक काड्या आत आल्या होत्या, त्यांत धूळ तरंगत होती. रेक्झिन तापल्याचा तो वास, थोडा पेट्रोलचा, थोडा आईच्या जुन्या शालीचा, आहे तसाच आहे रे. पाइप न्यायला भोक शोधता शोधता माझा डोळा कधी लागला कळलंच नाही. अर्धवट झोपेत कोणीतरी शीळ घालत बॉनेट पुसतंय असं ऐकू येत होतं, आणि तो तूच आहेस यात मला काहीच नवल वाटलं नाही. जाग आली ती पाना नाकावर पडून.

त्या डॅशबोर्डच्या मागे मी लहानपणी कितीदा हात घातलाय! तुझा पंजा आत जायचा नाही, माझा जायचा. दिवा उडाला की तू मला खांद्याला धरून आत ढकलायचास आणि वरून हुकूम सोडायचास, टिकले, डावीकडे, अजून डावीकडे, आता ओढ. होल्डर नुसता दाबून बसवलेला असतो, ओढला की दिव्यासकट हातात येतो, हे तूच मला शिकवलंस. मी नऊ वर्षांची, तू वीस. मला वाटायचं, घरातली सगळ्यात महत्त्वाची नोकरी माझीच आहे.

आणि मग ती सकाळ आठवली. आठवली कसली, ती कधी विसरलेच नाही. बाबांनी पहिल्यांदा तुला एकट्याला गाडी दिली होती, मावशीकडून आईला आणायला. तू नवा शर्ट घातला होतास, कॉलर दोनदा ओली करून बसवली होतीस. मी तुझ्यासाठी बुटांच्या खोक्यात एक गाव केलं होतं. कागदाची घरं, काड्यांची झाडं, आणि एका बाजूला डोळा लावायला भोक. आत बटर पेपरच्या मागे चंद्र, रेडिओच्या बॅटरीवर मिणमिणणारा. तू गाडीत बसल्यावर मी ते खोकं खिडकीतून आत दिलं. तू एका हाताने ते डोळ्याला लावलंस, दुसऱ्या हाताने किल्ली फिरवलीस, आणि म्हणालास, अगं टिकले, चंद्र कुठून आणलास? मी म्हटलं, गुपित आहे. तू किती वेळ बघत होतास! इंजिन सुरू झालं तरी खोकं खाली ठेवेनास, मग जपून माझ्या हातात परत दिलंस आणि निघालास. मला इतका आनंद त्यानंतर कशाचा झाला असेल तर आठवत नाही.

संध्याकाळी बाईसाहेब दोरीला बांधून ट्रकच्या मागून आल्या. फिल्टरचं रबर फाटून वाटेत सगळं तेल गळून गेलं होतं आणि इंजिन जाम. बाबा आधी चिडलेच नव्हते, खरंच. आईला पाणी दिलं, तुझ्या पाठीवर हात ठेवला. मग विचारलं, दिवा लागला तेव्हा थांबला का नाहीस? तू म्हणालास, दिवा लागलाच नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकांसमोर त्यांनी किल्ली फिरवली तर दिवा लख्ख लाल लागला. मी दारामागे उभी होते. बाबा म्हणाले, गाडी गेली त्याचं मला काही नाही, पण माझा मुलगा खोटारडा निघाला. तू त्या दिव्याकडे बघत राहिलास. वादही घातला नाहीस. काकांनी पुढे इंजिन उघडून गाडी चालती केली, तू मात्र चार महिन्यांनी लांबची नोकरी धरलीस, आणि आई गेली तेव्हाचे दोन दिवस सोडले तर ह्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नाहीस. एकतीस वर्षं झाली.

जाताना तू माझ्याकडे ते खोकं मागितलं होतंस. मी म्हटलं, भिजलं, टाकून दिलं. भिजलं नव्हतं. माझ्या कपाटात वरच्या फळीवर अजून आहे.

वहिनीने मला एकदा सांगितलं होतं की तू स्टिअरिंगला हात लावत नाहीस, टॅक्सीतही मागे बसतोस, मुलींना गाडी शिकवायला माणूस ठेवलास. म्हणतोस, माझं लक्ष नसतं, माझ्यावर भरवसा नको. मी धीर करून तुला फोन केला होता, आठवतं? सहज विचारावं तसं विचारलं, त्या दिवशी खरंच दिवा लागला नव्हता का रे? तू हसलास आणि म्हणालास, लागला असेल गं, मीच पाहिलं नसेन. दादा, त्या रात्री मी जेवले नाही. तुला कोणी खोटारडा म्हणालं हे वाईटच, पण तू स्वतःवरच विश्वास ठेवेनासा झालास, हे मला सोसेना. तरी मी गप्प बसले. तोंडं उघडायला लावणं हा माझा धंदा, आणि माझंच उघडेना.

असो, काट्याकडे येते. इंजिनाला जिथे त्या दिव्याचा स्विच आट्यांनी बसतो, तो काढून तिथे पितळेची तीन तोंडांची जोडणी लावायची. एका तोंडात स्विच परत बसवायचा, दुसऱ्यातून बारीक पाइप आत मीटरपर्यंत न्यायचा. पहिली जोडणी बसेना, आटे वेगळे, दुकानात परत जाऊन बदलून आणली. मग तेल गळू नये म्हणून सगळ्या आट्यांना नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप लावली. थोडी नाही, चांगली चापून लावली, आपला हात सढळ. रविवारी सकाळी बाबा स्वच्छ सदरा घालून स्टुलावर येऊन बसले. मी गाडी सुरू केली. पाइप पारदर्शक आहे, त्यातून तेल मधासारखं सोनेरी, सावकाश वर चढायला लागलं, आम्ही दोघं टक लावून बघत होतो, आणि काटा हळूच उठला, थरथरला, जागेवर जाऊन थांबला. बाबांनी चक्क टाळ्या वाजवल्या! मी बंद करून पुन्हा किल्ली फिरवली, त्यांना परत दाखवायला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, अगं, लाल दिवा लागत नाहीये.

कारण साधं होतं, ते मला नंतर कळलं. तो स्विच इंजिनाच्या लोखंडाला टेकला तरच दिव्याचा प्रवाह पुरा होतो, आणि मी टेप इतकी गुंडाळली होती की तो टेकतच नव्हता. टेप काढली की झालं. पण तेव्हा ते काही सुचलं नाही. डॅशबोर्डवर ती काळी टिकली बघून मी किल्ली धरूनच बसले. बाबा पुढे वाकून कितीतरी वेळ त्या न लागलेल्या दिव्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे न बघता अगदी हळू म्हणाले, त्या दिवशी असंच झालं असेल का गं? मी वर्षानुवर्षं विचार करतोय. दिवा कधी लागतो, कधी लागत नाही, असं काही होत असेल का? बाबा एकतीस वर्षं दर रविवारी तिथे स्टुलावर बसून काय ऐकत होते, ते मला तेव्हा समजलं. मी म्हटलं, हो बाबा, दिवा लागलाच नव्हता, आणि का लागला नव्हता तेही त्यांना सगळं सांगितलं.

दादा, तुझ्या खोक्यातला चंद्र म्हणजे तो दिवा होता. आदल्या दिवशी मी डॅशबोर्डच्या मागे हात घालून तो काढला, तू शिकवलंस तसाच. लाल काच जागेवर, मागे काही नाही. मला वाटलं, एवढ्या दिव्यांतला एक गेला तर काय बिघडतंय. आणि संध्याकाळी आत सगळे बसलेले असताना बाबांचं बोलणं कानावर आलं की उद्या काका येऊन दिवा तपासतील, तेव्हा मी घाबरून शेडमध्ये गेले आणि तो परत लावून आले. दोन मिनिटं लागली. दिवा लागला नव्हता, दादा. तू नीट पाहिलं होतंस. तुझं लक्ष होतं. तू खरंच बोलला होतास, आणि हे सांगायला मला एकतीस वर्षं लागली. माझ्यावर हवं तेवढं चीड, फोन घेऊ नकोस, मला चालेल, पण ह्यापुढे एक दिवसही स्वतःवर संशय घेऊ नकोस. बाबा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, त्याला लिही. लिही की मी दिव्याकडे बघत बसलो, पोराच्या तोंडाकडे बघितलंच नाही. मग त्यांनी मला तो दिवा काढायला लावला. आता माझाही हात तिथे जात नाही, मनगट सोलून निघालं. तो त्यांनी स्वतः कापसात गुंडाळला, आणि तोच ह्या पाकिटात आहे, जपून उघड. स्विचची टेप मी काढली आहे, काटा उत्तम चालतोय, पण दिव्याची जागा रिकामी ठेवली आहे. बाबा दुसरा लावू देत नाहीत. म्हणतात, ज्याचा त्याने येऊन लावायचा आणि पहिली किल्लीही त्यानेच फिरवायची. तर ये. मी शेजारच्या सीटवर बसते. हातात खोकं नसेल, आणि दिवा लागला नाही तर ह्या वेळी मी गप्प बसणार नाही.

तुझीच,
टिकली