अडकलेला आकडा

प्रिय ठमे,

पिल्लाचं पोट आता बरं आहे ना? जावईबापूंची पाठ धरली होती, ती सुटली का? खालच्या मजल्यावरच्या आजींचा गुडघा काय म्हणतो? आणि तू? तुझं शेवटी विचारतोय, ते मुद्दाम. इकडे तुझ्या आईचा खोकला गेला, माझा चष्मा बदलला, बाकी आम्ही दोघंही धडधाकट.

माझ्या उद्योगाची खबर देतो. रेडिओ दुरुस्त करता करता मी कॉम्प्युटरच्या नादी लागलो, हे तुला ठाऊकच आहे. आता जगभरची हौशी मंडळी मिळून जी ऑपरेटिंग सिस्टीम फुकट बनवतात, तिच्यात लुडबुड करतो. सध्या यंत्राच्या तब्येतीचं खातं माझ्याकडे आहे. कॉम्प्युटरच्या पोटात ठिकठिकाणी सेन्सर असतात. कुणी उष्णता मोजतो, कुणी पंख्याचा वेग, कुणी विजेचा दाब. प्रत्येक चिपची बोली वेगळी. त्या सगळ्यांना एका सतरंजीवर बसवायचं, म्हणजे विचारणाऱ्याला एकाच भाषेत उत्तर मिळेल. किती वेळा विचारायचं यावरून मात्र आमची बरीच हुज्जत झाली. सारखं विचारत बसलं तर यंत्राचं खरं काम खोळंबतं. तुझी आई म्हणाली, यंत्राच्या बाबतीत बरं कळतं तुम्हाला, लेकीला मात्र दिवसातून तीनदा फोन!

मग एक गंमत झाली. चाचणीच्या यंत्राचा पंखा बंद पडला, डबा हात लावता येईना इतका तापला, जळका वास सुटला, आणि पडद्यावर आपलं शांतपणे एक्केचाळीस अंश, शेरा ‘ठीक’! सेन्सरची तार निखळली होती. नवं उत्तर येईना, तेव्हा माझा प्रोग्रॅम जुनाच आकडा पुढे करत राहिला. आमच्यात एक दाढीवाला आहे, तो सगळ्यांचं काम तपासतो. त्याने लिहिलं, आजोबा, तुमचा सेन्सर फारच सोशिक दिसतो.

म्हणून ‘ठीक’, ‘जपा’ आणि ‘धोका’ यांच्या पंक्तीला मी चौथं उत्तर बसवलं: ‘माहीत नाही’. दाढीवाला कुरकुरला, उगाच घबराट होईल म्हणाला. मी म्हटलं, होऊ दे. ‘माहीत नाही’ आलं की ते ठीक धरायचं नाही. पंखा जोरात सोडायचा आणि माणसाला हाक मारायची, जाऊन बघ म्हणून. शेवटी पटलं त्याला.

ठमे, काल जावईबापूंचा फोन आला होता. त्यांच्यावर रागावू नकोस. म्हणाले, पिल्लू झोपलं तरी तू टक्क जागी असतेस, नळ सोडून न्हाणीघरात रडतेस, आणि बाहेर आल्यावर विचारलं की म्हणतेस ‘मजेत’. पिल्लू झाल्यापासून आम्हालाही फोनवर रोज तेच ‘मजेत’ येतंय, अगदी त्याच सुरात. म्हणून आज फोन न करता पत्र लिहितोय. काय होतंय ते तुला सांगता आलं नाही तरी चालेल. आई तुझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे येईल, मी पिल्लाला सांभाळीन. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. तू ‘येऊ नका’ म्हणालीस, म्हणूनच अडलोय. लवकर उत्तर लिही, फार लिहू नकोस. नुसतं ‘माहीत नाही’ लिहिलंस तरी आम्ही निघतो.

तुझाच,
बाबा