मारिसोलचा सव्वा महिना

चँडलर, ॲरिझोना
ऑक्टोबर २००२

ती. स्व. सुमित्रामावशीस,

सुहासिनीचा जमेल तेवढा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या कंबरेचं विचारू नकोस, मीच सांगते.

आमच्याकडे साफसफाईला येणारी मारिसोल (मेक्सिकोची, माझ्याहून पुष्कळ लहान आणि दुप्पट बोलकी) बाळंत झाली. तिसरी मुलगी. बघायला गेले तर पोटाला करकचून पट्टा, पायांत लोकरी मोजे (बाहेर ऊन मी म्हणतंय!) आणि फोनवर तिकडून आईची ताकीद: चाळीस दिवस केर काढायचा नाही, गार पाणी प्यायचं नाही. मला वाटलं, तूच बोलतेयस. पण आधीच्या दोन्ही वेळा बाई पट्टा बांधूनच लगेच कामावर गेली होती, तेव्हापासून पाठ धरलीय. याही वेळी निघालीच होती. म्हणाली, "सेन्योरा, आई तिकडे आणि घरं इकडे. मी नाही गेले तर ते दुसरी बाई ठेवतील."

मी बोलून गेले, तुझी घरं मी सांभाळते. (नाहीतरी राजेशच्या व्हिसावर आलेली बायको, नोकरी करता येत नाही म्हणून घरीच बसलेली असते. मजुरी अर्थात तिचीच.)

पहिल्याच आठवड्यात एका घराचं दार उघडलं ते आमच्या मराठी मंडळाच्या लताने. माझ्या हातात बादली. मी खरं तेच सांगितलं, की मारिसोलच्या ऐवजी आलेय. लताचे डोळे भरले. "अगं, लाजतेस काय? माझ्या दिराचाही जॉब असाच गेला. राजेश सावरेल." यंदा इथे इतक्यांच्या नोकऱ्या गेल्यात, की कोणी काही विचारत नाही, नुसते डबे आणतात. मी जितकं समजावलं तितकी मी स्वाभिमानी ठरले, आणि डबे वाढले. खिचडी, मेथी, कोणाच्या तरी सासूबाईंनी आणलेले डिंकाचे लाडूसुद्धा! (मला?)

मग समजावणं सोडलं. डबे थेट मारिसोलकडे नेते. ती आडवी पडून लाडू खाते, मोठ्या दोघी खिचडीवर तिखट सॉस ओततात. "तुमची माणसं किती चांगली," ती म्हणते. आहेतच गं. मला जरा अपराधी वाटतं, पण तिच्या चेहऱ्यावर रंग आलाय, मावशी.

तुझी,
सुहासिनी

ता. क. लताची बहीण तुमच्या नाशकातच असते. चौकशीला आली तर खरं सांगू नकोस, नुसता मोठा उसासा टाक. मारिसोलला अजून दोन आठवडे तरी उठू द्यायचं नाहीये.

ता. क. २. राजेशला यातलं काही माहीत नाही. शनिवारी मंडळात सगळ्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आग्रह करकरून वाढलं. घरी येताना गाडीत म्हणाला, "इतक्या वर्षांनी इथे आपली किंमत कळली हं लोकांना!"