ब्रूनोचा श्रावण

शनिवार, अष्टमी, ताईच्या घरी

किळस आली आज. जेवणावरची वासनाच उडाली.

भावजींनी हौसेने स्पॅनियल कुत्रा आणला, ब्रूनो. शिकारी जात, दिवसभर धावणारी. आणि श्रावण लागल्यापासून त्याला खायला काय, तर वरणभात आणि दुधात भिजवलेली बिस्किटं! घरात मटण-मच्छी बंद, म्हणून कुत्र्यालाही बंद. अंडंसुद्धा नाय. पाठीवरून हात फिरवला तर बरगड्या हाताला लागल्या. डॉक्टरांनी बजावलंय, याला रोज मांस, अंडं हवंच. भावजी म्हणतात, "आमच्या घरात राहतो ना, मग आमचा श्रावण पाळायला नको?"

आज ते पेणला गणपतीची मूर्ती ठरवायला आले होते. परत जाताना मलाही गाडीतून इकडे घेऊन आले. वाटेत वडखळला हॉटेलात थांबलो. मी चहा घेतला, त्यांनी चिकन मागवलं. हाडंसुद्धा चोखली! "ताईला बोलू नको गो. बाहेरचं चालतं." चालतं? मग ब्रूनोलाही न्यायचं होतं बाहेर! नंतर साबणाने बोटं खसाखसा धुतली, वर बडीशेप.

घरी आलो तर ब्रूनो धावत आला आणि सरळ तीच बोटं चाटायला लागला. एकेक बोट, नखांच्या कडांसकट. सोडेचना. मी भावजींकडे बघत होते, ते माझ्याकडे बघेनात.

ताई दारातून कौतुकाने म्हणाली, "बघ गो, किती लळा लागलाय ह्यांचा त्याला!"

"मुकं जनावर," भावजी म्हणाले, "माया कळते त्याला." आणि त्याच बोटांनी त्याच्यापुढे बिस्किटांची वाटी सरकवली.